मृत्यूच्या दारातून परतलेला मधुमेहतज्ज्ञ

मधुमेहाचा डॉक्टर व्हावे, असे डॉ. रॉबिन डॅनियल लॉरेन्स यांच्या मनात कधीच नव्हते. त्यांना शल्यविशारद व्हायचे होते आणि त्यासाठी लागणारे सारे काही त्यांच्यापाशी होते. कुशल हात, तल्लख बुद्धी, सुवर्णपदकांनी सजलेली विद्यापीठीय कारकीर्द आणि लंडनच्या एका नामांकित रुग्णालयातील उमेदवारी. परंतु अठ्ठाविशीच्या सुमारास मधुमेहानेच त्यांना गाठले, शस्त्रक्रियेचा मार्ग कायमचा बंद केला आणि आयुष्याची मुदतही जवळपास ठरवून टाकली. ती मुदत संपता संपता इन्सुलिन आले आणि लॉरेन्स पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. या पंचेचाळीस वर्षांत त्यांनी मधुमेही माणसाकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी पालटली. रुग्ण हा केवळ औषध घेणारा नसून स्वतःच्या उपचारातील भागीदार आहे, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना ज्या मोजक्या लोकांनी प्रत्यक्षात आणली, त्यांत लॉरेन्स यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात झाला. वडील थॉमस लॉरेन्स यांचा ब्रश तयार करण्याचा कारखाना होता आणि घरची स्थिती उत्तम होती. मुलाने प्रथम ॲबर्डीन विद्यापीठातून इंग्रजी व फ्रेंच या विषयांत एम. ए. केले. त्यानंतर लंडनला काकांच्या कापडाच्या पेढीत काम करून पाहिले. पण गज आणि कातर यांत त्यांचे मन रमेना. काही आठवड्यांतच ते ॲबर्डीनला परतले आणि वैद्यकीय शिक्षणाला त्यांनी प्रवेश घेतला. येथे मात्र त्यांना आपली वाट सापडली. शरीररचनाशास्त्र, रोगचिकित्सा आणि शल्यचिकित्सा या तिन्ही विषयांत त्यांनी सुवर्णपदके मिळवली. हॉकी आणि टेनिसमध्ये विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. विद्यार्थी मंडळाचे अध्यक्षपदही भूषवले. १९१६ मध्ये सन्मानपूर्वक पदवी घेऊन ते बाहेर पडले तेव्हा पहिले महायुद्ध ऐन भरात होते.

तरुण डॉक्टरांची लष्कराला गरज होती. लॉरेन्स सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले आणि त्यांची नेमणूक झाली ती हिंदुस्थानच्या सरहद्दीवर. युद्धकाळातील त्यांची सेवा प्रामुख्याने तेथेच घडली. अखेर आमांशाने बेजार होऊन १९१९ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर ते लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. प्रथम अपघात विभागात आणि मग कान-नाक-घसा विभागात साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून त्यांची उमेदवारी सुरू झाली.

कलाटणी मिळाली ती एका क्षुल्लक अपघाताने. कानामागच्या हाडावर शस्त्रक्रिया कशी करावी, याचा सराव लॉरेन्स एका मृतदेहावर करीत होते. छिन्नीच्या घावासरशी हाडाचा बारीक कपचा उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला आणि रुग्णांची सेवा करणाऱ्या या डॉक्टरला त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून खाटेवर पडावे लागले. जखम भरून येईना. लघवीची तपासणी केली तेव्हा तीत साखर आढळली. १९२० सालची ही घटना. डोळ्याची दृष्टी अधू झाली, सूक्ष्म शस्त्रक्रियांचे स्वप्न मावळले आणि त्याहून मोठे संकट समोर उभे राहिले.

त्या काळी तरुण वयात झालेल्या मधुमेहाचा अर्थ काय होता, हे आज समजून घेणे कठीण आहे. जर्मन संशोधक ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्याला मधुमेह जडतो, हे दाखवून दिले होते. म्हणजे स्वादुपिंडातून काही तरी द्रव्य रक्तात मिसळत असले पाहिजे आणि ते साखरेचे नियमन करीत असले पाहिजे, हा तर्क तीस वर्षांपूर्वीच झाला होता. पण ते द्रव्य वेगळे काढण्याचे प्रयत्न एकामागून एक फसत होते. या संप्रेरकाअभावी शरीराला साखर वापरता येत नाही. रक्तात साखरेचा पूर असतो आणि पेशी मात्र उपाशी असतात. मग शरीर स्वतःचीच चरबी आणि मांस जाळू लागते. त्या ज्वलनातून निघणारी आम्ले रक्तात साठतात आणि रोगी बेशुद्ध होऊन दगावतो. यावर उपाय होता तो एकच, उपासमार. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी रूढ केलेल्या पथ्यात रोग्याला इतके कमी अन्न दिले जाई की लघवीतील साखर नाहीशी होई; परंतु त्याबरोबर रोग्याचे शरीरही नाहीसे होत जाई. या पथ्याने मृत्यू टळत नसे, काही महिने किंवा एखाद-दुसरे वर्ष लांबत असे.

लॉरेन्स यांनाही असेच कठोर पथ्य देण्यात आले. सुरुवातीला त्याचा गुण आला. शस्त्रक्रियेचा विचार सोडून ते डॉ. जी. ए. हॅरिसन यांच्या हाताखाली रुग्णालयाच्या रसायन-विकृतिशास्त्र विभागात काम करू लागले. रक्त आणि लघवी यांचे रासायनिक परीक्षण हे या विभागाचे काम. आपल्याच रोगाचा अभ्यास त्यांनी येथे आरंभला आणि त्यावर प्रबंध लिहून एम. डी. ही पदवीही मिळवली. नाइलाजाने पत्करलेली ही प्रयोगशाळा पुढे त्यांच्या साऱ्या कार्याचा पाया ठरणार होती. पण त्या वेळी त्याची कल्पना कुणालाच नव्हती. प्रकृती पुन्हा ढासळू लागली. फार तर तीन-चार वर्षे हाती आहेत, हे त्यांना कळून चुकले होते.

आपले मरण घरच्यांना डोळ्यांदेखत पाहावे लागू नये, या विचाराने लॉरेन्स यांनी इंग्लंड सोडले आणि इटलीतील फ्लॉरेन्स शहर गाठले. तेथे त्यांनी छोटासा दवाखाना थाटला. उरलेले दिवस सुंदर शहरात, शांतपणे आणि कुणावर भार न होता घालवावेत, एवढीच अपेक्षा होती. १९२२-२३ च्या हिवाळ्यात त्यांना श्वासनलिकेच्या दाहाने जबर पछाडले. मधुमेह हाताबाहेर गेला. पायांच्या मज्जातंतूंचा दाह सुरू झाला आणि चालणेही अवघड होऊन बसले.

या काळात अटलांटिकपलीकडे एक वेगळेच नाट्य घडत होते. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात स्वादुपिंडाचा अर्क काढण्यात यश मिळवले. जे. जे. आर. मॅक्लाउड यांच्या विभागात हे काम चालले होते. जेम्स कॉलिप यांनी हा अर्क शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलावर त्याचा पहिला यशस्वी प्रयोग झाला. हेच इन्सुलिन. ब्रिटनमधील उत्पादनाचे हक्क तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे आले आणि १९२३ मध्ये ते ब्रिटिश रुग्णालयांत पोहोचू लागले.

किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते पोहोचताच डॉ. हॅरिसन यांना आपल्या जुन्या सहकाऱ्याची आठवण झाली. मे १९२३ मध्ये त्यांनी फ्लॉरेन्सला तार धाडली. इन्सुलिन हाती आले आहे, त्याचा गुण येतो आहे, तातडीने निघून या, अशा आशयाची ती तार होती. लॉरेन्स यांच्या अंगात त्राण उरले नव्हते. तरीही ते मोटारीने निघाले आणि निम्मा युरोप ओलांडून २८ मे रोजी लंडनला पोहोचले. ३१ मे १९२३ रोजी त्यांना इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. दोन महिने ते रुग्णालयात राहिले आणि बाहेर पडले ते पुन्हा कामाला लागण्यासाठीच. त्यांच्या जुन्याच विभागात रसायन-विकृतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

येथून लॉरेन्स यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. प्राण वाचल्याचा आनंद अनेकांना झाला होता, पण त्यापुढचा प्रश्न फार थोड्यांनी ओळखला होता. इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही. ते रोज टोचून घ्यावे लागते. कमी पडले तर साखर चढते. जास्त झाले तर ती एकाएकी उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, भान हरपते आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर जीवही जाऊ शकतो. जेवणाची वेळ चुकली, एखाद्या दिवशी चालणे जास्त झाले, साधा ताप आला, तरी सारे गणित बदलते. हे गणित रुग्णालयातील डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन मांडू शकत नाही. ते ज्याचे त्यालाच दिवसातून अनेकदा मांडावे लागते. लॉरेन्स यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. स्वतःच्या रक्तात आणि स्वतःच्या ताटात ते रोज अनुभवत होते.

डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ आणि रोगी अशा तिन्ही भूमिका एकाच माणसात एकवटल्यामुळे त्यांच्या संशोधनाला आगळी धार आली. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो आणि म्हणून श्रमाच्या दिवशी मात्रा कमी किंवा आहार जास्त ठेवावा लागतो, हे त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मांडले. आज प्रत्येक मधुमेहतज्ज्ञ आपल्या रुग्णाला देत असलेला हा सल्ला तेव्हा नवा होता. पुढे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी दीर्घकाळ टिकणारे प्रोटामिन इन्सुलिन तयार केले, तेव्हा त्याचेही प्रयोग लॉरेन्स यांनी लगोलग हाती घेतले.

त्यांचे सर्वांत लोकोपयोगी काम मात्र स्वयंपाकघराशी निगडित होते. आहाराचे जे तक्ते तेव्हा प्रचलित होते, ते सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरचे होते. लॉरेन्स यांनी त्यावर एक सोपी युक्ती काढली. अन्नपदार्थांचे त्यांनी काळे आणि तांबडे असे दोन गट केले. काळ्या गटातील प्रत्येक भागात १० ग्रॅम कर्बोदके, तर तांबड्या गटातील प्रत्येक भागात साडेसात ग्रॅम प्रथिने आणि ९ ग्रॅम स्निग्धांश. एक काळा आणि एक तांबडा भाग मिळून एक ओळ होते. डॉक्टरने रुग्णाला दिवसाला किती ओळी घ्यायच्या एवढेच सांगायचे. त्या ओळींत पाव, बटाटा, दूध, अंडी, मांस यांपैकी काय बसवायचे, ते रुग्णाने आपल्या आवडीनुसार आणि ऐपतीनुसार ठरवायचे. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही हे जमण्यासारखे होते. कागदावर ही युक्ती साधी दिसते, पण तिच्यात एक मोठे स्थित्यंतर दडलेले होते. काय खावे याचा हुकूम सोडणारा डॉक्टर मागे सरला आणि निवड करणारा रुग्ण पुढे आला.

हे सारे त्यांनी १९२५ मध्ये ‘द डायबेटिक लाइफ’ या पुस्तकात मांडले. डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनीही वाचावे, अशा बेताने ते लिहिले होते. त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या. अधिक सोपे असे ‘द डायबेटिक एबीसी’ हे पुस्तकही त्यांनी खास रुग्णांसाठी लिहिले. त्या काळी घरी रक्त तपासण्याची सोय नव्हती. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे आणि रंग निळाच राहतो, हिरवा-पिवळा होतो की विटकरी होतो, यावरून साखरेचा अंदाज बांधायचा. काचेची पिचकारी उकळून घ्यायची, बोथट झालेल्या सुईला धार लावायची. हे सोपस्कार सामान्य घरातील गृहिणीला किंवा शाळकरी मुलाला जमतील का, याविषयी अनेक डॉक्टर साशंक होते. लॉरेन्स यांना शंका नव्हती, कारण ते सारे सोपस्कार ते स्वतः दररोज करीत होते.

किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील त्यांचे मधुमेह चिकित्सालय हळूहळू ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या चिकित्सालयांपैकी एक झाले. १९३१ मध्ये मधुमेह विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९३९ मध्ये ते तेथे वरिष्ठ चिकित्सक झाले. इन्सुलिनमुळे जगलेल्या मुली आता मोठ्या होऊन माता होऊ पाहत होत्या आणि वैद्यकापुढे नवाच प्रश्न उभा राहिला होता. इन्सुलिनपूर्वी अशा स्त्रियांना दिवस राहणेच दुर्मिळ होते. आता आई वाचत होती, पण बाळे मोठ्या संख्येने दगावत होती. लॉरेन्स यांनी आपले सहकारी डॉ. विल्फ्रेड ओकली यांच्यासह या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि गर्भारपणात साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवण्यावर भर दिला.

संप्रेरकांच्या अभ्यासात त्यांचे नाव आणखी एका कारणाने टिकून आहे. एका तरुणीच्या शरीरातील चरबी जवळजवळ नाहीशी झाली होती, यकृत वाढले होते, रक्तात स्निग्ध द्रव्यांचा अतिरेक होता आणि मधुमेह प्रचंड मात्रेतील इन्सुलिनलाही जुमानत नव्हता. या विलक्षण विकाराचे सविस्तर वर्णन लॉरेन्स यांनी १९४६ मध्ये केले. चरबी म्हणजे निव्वळ साठा नसून साखरेच्या नियमनात तिचाही हात आहे, याची चाहूल या वर्णनात होती. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागायला १९९४ साल उजाडावे लागले आणि या विकारावर लेप्टिनचाच उपचार अमेरिकेत मान्य झाला तो २०१४ मध्ये. हा विकार आजही लॉरेन्स यांच्या नावाने ओळखला जातो.

चिकित्सालयात बसून एकेका रुग्णाला शिकवणे पुरेसे नाही, हे लॉरेन्स यांनी लवकरच ओळखले. त्या वेळी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक आरोग्यसेवा नव्हती. ती आली १९४८ मध्ये. १९११ च्या कायद्याने कामगाराला विम्याचे संरक्षण होते, पण त्याच्या बायकामुलांना नव्हते. म्हणजे मधुमेह मुलाला झाला, तर खर्च घरच्यांनी सोसायचा. शाळा, नोकऱ्या आणि विमा कंपन्या यांची दारे मधुमेहींसाठी बंद होण्याचा धोका होता तो वेगळाच. योगायोगाने लॉरेन्स यांच्या रुग्णांत एक जगप्रसिद्ध लेखक होता, एच. जी. वेल्स. भविष्यातील जगाची चित्रे रंगवणाऱ्या या कादंबरीकाराला उतारवयात मधुमेह जडला होता. दोघांनी मिळून १९३४ मध्ये डायबेटिक असोसिएशनची स्थापना केली. त्याआधी वेल्स यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून मधुमेहींना एकत्र येण्याचे जाहीर आवाहन केले होते.

डॉक्टर आणि रुग्ण यांनी एकाच संघटनेत खांद्याला खांदा लावून बसावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. गरीब रुग्णांना मदत, सदस्यांसाठी नियतकालिक, मुलांसाठी सुटीतील शिबिरे, सरकारकडे पाठपुरावा अशी कामे संघटनेने अंगावर घेतली. लॉरेन्स १९३४ पासून १९६१ पर्यंत तिच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष होते. हीच संघटना आज डायबेटिस यूके या नावाने कार्यरत आहे. महायुद्धाच्या जखमा भरत असताना लॉरेन्स यांनी बेल्जियमचे डॉ. जे. पी. हूट यांच्यासमवेत देशोदेशींच्या अशा संघटनांना जोडण्याचा ध्यास घेतला. त्यातून १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्थापन झाला आणि १९५८ पर्यंत लॉरेन्स त्याचे पहिले अध्यक्ष राहिले. त्याच काळात, १९५५ मध्ये, मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची मुहूर्तमेढ रोवली गेली. डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून रोगाचा सामना करण्याचा विचार तोवर आपल्याकडेही रुजू लागला होता.

खासगी आयुष्यातही लॉरेन्स यांनी रोगाला डोक्यावर बसू दिले नाही. १९२८ मध्ये त्यांचा डोरीन बॅटसन यांच्याशी विवाह झाला आणि त्यांना तीन मुलगे झाले. पाच वर्षांपूर्वी जो माणूस एकांतात मरण्यासाठी परदेशी गेला होता, त्याने संसार थाटला, हेच त्याच्या रुग्णांसाठी कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे आश्वासन होते. त्यांना मानसन्मानही पुष्कळ लाभले. इन्सुलिनच्या जन्मभूमीतील टोरांटो विद्यापीठाने १९६४ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट बहाल केली, हा त्यांतला बहुधा सर्वांत औचित्यपूर्ण सन्मान होय. २७ ऑगस्ट १९६८ रोजी लंडनमधील राहत्या घरी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

लॉरेन्स यांच्या काळातील पिचकाऱ्या आणि परीक्षानळ्या आता संग्रहालयात गेल्या आहेत. दंडावर चिकटवलेला संवेदक आज मिनिटामिनिटाला साखरेचा आकडा भ्रमणध्वनीवर दाखवतो. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने दाखवून दिले. मधुमेह व संप्रेरक विकारांच्या तज्ज्ञाची पाटी आता मध्यम आकाराच्या शहरांतही दिसते. या शाखेकडे वळणाऱ्या तरुण डॉक्टरांना संवेदकही मिळतील आणि नवी औषधेही मिळतील. पण चिकित्सालयाबाहेर गर्दी वाढली की सर्वांत आधी काटछाट होते ती रुग्णाला समजावून सांगण्याच्या वेळेत, आणि लॉरेन्स यांच्या लेखी उपचाराचा खरा गाभा तोच होता. आकडा यंत्र दाखवते. त्या आकड्याचे काय करायचे, हे अजूनही माणसानेच माणसाला शिकवावे लागते.

डायबेटिस यूके ही संस्था दीर्घकाळ मधुमेहासह जगलेल्या व्यक्तींना पदके देते. सत्तर वर्षे पूर्ण करणाऱ्यांसाठीचे पदक मॅक्लाउड यांच्या नावाने आहे आणि ऐंशी वर्षांसाठीचे वेल्स यांच्या. साठ वर्षांच्या पदकाला लॉरेन्स यांचे नाव देण्यात आले आहे. स्वतः लॉरेन्स इन्सुलिनवर पंचेचाळीस वर्षे जगले. ज्यांना त्यांच्या नावाचे पदक मिळते, ते सारे या वैद्याहून अधिक काळ मधुमेहासह जगलेले असतात.